म्हापशात मिळालेला सेज: पाने उत्तम, तेलाचे लेबल अपुरे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारालगतच्या एका दुकानातून मी सेज या सुगंधी वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचे 50 ग्रॅमचे पाकीट आणि त्याच उत्पादकाची 10 मिलिलीटर तेलाची बाटली घेतली. मी उच्च माध्यमिकच्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने आणि दोन ओठांचे फूल ही लक्षणे मुले अंगणातल्या तुळशीवर शिकतात. त्याच कुळातली भूमध्य सागराकाठची ही वनस्पतीही त्यांनी हाताळावी, अशी माझी इच्छा होती.

पाने खरोखर चांगली आहेत. पाकिटात काड्या किंवा भुसा जवळजवळ नाही, आणि ऐन पावसाळ्यात उघडूनही पाला सादळलेला नव्हता. पान पालथे करून भिंगाखाली धरले, तेव्हा पांढुरक्या लवेच्या दाटीत चमकणारे बारीक ठिपके स्पष्ट दिसले. त्याच तैलग्रंथी होत. ग्रंथीच्या पेशींनी तयार केलेले तेल वरच्या पातळ आवरणाखाली साठून राहते, म्हणूनच अखंड पानाला वास बेताचा येतो आणि तेच पान बोटांत चुरडले की कापरासारखा उग्र दर्प उसळतो. एका मुलीने पान चुरडले आणि तास संपेपर्यंत ती बोटे हुंगत राहिली.

तेलाबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. लेबलावर केवळ ‘सेज ऑइल’ असे छापले असून शास्त्रीय नाव कुठेही दिलेले नाही. साल्व्हिया ऑफिसिनॅलिस या जातीच्या तेलात थुजोन, कापूर आणि सिनिऑल हे प्रमुख घटक असतात, तर साल्व्हिया स्क्लेरिया म्हणजे क्लॅरी सेजच्या तेलात लिनॅलिल ॲसिटेट आणि लिनॅलूल यांचे प्राबल्य असते. बाटलीतल्या तेलाचा गोडसर, लव्हेंडरकडे झुकणारा वास पाहता ते दुसऱ्या जातीचे असावे असे मला वाटते, जरी लेबलावरचे चित्र पहिल्या जातीचे आहे. हा फरक किरकोळ नाही: थुजोन जास्त मात्रेत मज्जासंस्थेला घातक असून त्यामुळे झटके येऊ शकतात, म्हणून फेफऱ्याच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांना नेमके कोणते तेल हाती आले आहे हे कळलेच पाहिजे.

तेलाच्या लेबलावरचा ‘सर्व जंतूंचा नाश’ हा दावाही टिकणारा नाही. या तेलातील घटक जंतूंच्या पेशीपटलाला इजा करतात हे खरे; परंतु स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाह्यपटल नसलेल्या जंतूंवर ते सहसा अधिक प्रभावी ठरते, तर इ. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना त्यांचे बाह्यपटल बरेच संरक्षण देते. शिवाय प्रयोगशाळेतल्या काचपात्रातला परिणाम म्हणजे जखमेवरचा उपचार नव्हे.

दुकानदारकाकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि बाटली उघडलेली असूनही पैसे परत दिले. पानांची आणखी दोन पाकिटे मी त्याच वेळी घेतली.