खेळाडू पोरींचं हॉस्टेल: ग्राउंडला फुल मार्क, अभ्यासाला नाही

लेक खो-खो खेळते अन बीएस्सी करते, धाराशिवला हॉस्टेलवर हे दुसरं वर्ष, म्हणून सांगतो. कोच लई चांगले, पोल डाइव्ह (खांबाजवळ झेप घेऊन गडी बाद करायचं) शिकवताना गुडघे-कोपरं जपतात, दुखलं तर जबरदस्ती नाही. मेसमध्ये भाकरी, मटकी, अंडी पोटभर. आपल्या धाराशिवच्या खो-खो खेळाडू सारिका काळेला २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, ते बघूनच आमच्या घरचे तयार झाले.

पण अभ्यासाचं बघा. पहाटे साडेपाचला ग्राउंड, मग लेक्चर, संध्याकाळी परत ग्राउंड, रात्री लेकरू पुस्तक उघडतं अन तसंच झोपतं. स्पर्धेला गेली तेव्हा तीन प्रॅक्टिकल बुडले, ते परत घ्यायला कुणी तयार नाही, ७५ टक्के हजेरीसाठी पत्र घेऊन बिचारीनं ऑफिसात किती चकरा मारल्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे सगळे सांगतात, पण वर्ग एक-दोनच्या पदाला डिग्री लागतेच ना!

५ पैकी साडेतीन. ॲडमिशनच्या आधीच विचारा, बुडालेलं प्रॅक्टिकल कोण घेणार, अन उत्तर लेखी घ्या.