वाटी जागेवर, बिलाचं काउंटर रामभरोसे

माझी मुलगी खो-खो खेळते. खांबाला वळसा घालताना उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकायची. आधीच्या डॉक्टरांकडे दरवेळी तेच: पट्टा बांधा, गोळ्या घ्या, खेळ बंद. जिना उतरतानाही सरकायला लागली तेव्हा गंगापूर रोडवरच्या या हॉस्पिटलात आणलं.

सरांनी आधी तिला झोपवून वाटी अंगठ्याने हळूच बाहेर ढकलली. दुखायच्या आतच पोरीने त्यांचा हात पकडला! "बघा ताई, हीच भीती महत्त्वाची," म्हणाले. एमआरआयमध्ये वाटीला आतून धरणारा लिगामेंट फाटलेला दिसला. तरी लगेच तारीख दिली नाही, सीटी करून मापं घेतली. नडगीवरचा उंचवटा मांडीच्या हाडाच्या खाचेपासून साधारण 20 मिलिमीटरपेक्षा जास्त बाजूला असेल, तर तो कापून आत सरकवण्याचाही विचार करावा लागतो म्हणे. हिचं अंतर 14 निघालं, म्हणून नुसत्या नव्या लिगामेंटवर भागलं. त्यासाठी मांडीच्या मागचीच एक दोरीसारखी शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी, टेंडन) काढून वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये बसवली. ती जास्त ताणली तर वाटी आतून हाडावर दाबली जाते, हेसुद्धा त्यांनी चित्र काढून समजावलं. इतका वेळ देणारा सर्जन आम्हाला तरी पहिल्यांदाच भेटला.

बाकी कारभार मात्र वैताग. डिस्चार्ज सकाळी लिहिला, कॅशलेसची मंजुरी यायला दिवे लागणीची वेळ झाली, आणि फाइल कुणाच्या टेबलावर आहे हे काउंटरवर एकालाही सांगता येईना. त्यांच्या मेडिकलमधून घेतलेला ब्रेस बाहेर सर्जिकलच्या दुकानात बराच स्वस्त होता. जखमेच्या बाजूची कातडी बधिर राहू शकते हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही घाबरलो, तेव्हा कळलं की तिथून एक बारीक नस जाते.

फिजिओ मॅडम कडक आहेत, पण त्यांच्यामुळेच मांडी पुन्हा भरली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबत मांडी आवळायची, मोबाइल बाजूला. आता पोरगी पळते. खो-खोला परवानगी नाही. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी आल्याशिवाय मिळणारही नाही, मग सहा महिने होवोत की नऊ.

बुधवारी जाऊ नका. ऑपरेशनचा दिवस असतो. अकराची वेळ देतात आणि सर दीडला येतात.