थेंब, पट्टा की गोळी? कोकणातल्या घरी गोचिडीचा बंदोबस्त

कोकण किनाऱ्यावर कडाक्याची थंडी पडत नाही आणि हवेतील दमटपणाही फारसा हटत नाही, त्यामुळे गोचिडीला येथे विसाव्याचा हंगाम नाही. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांत रेबीजचे इंजेक्शन वर्षाला न चुकता दिले जाते, परंतु गोचिडीचे औषध मात्र कानात गोचीड दिसल्यावरच आठवते. हा क्रम उलटा आहे. टिक फिव्हर म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या एर्लिकिया जंतूच्या आजारावर कुत्र्यांसाठी बाजारात लस नाही, म्हणून गोचिडीला रोखणे हाच त्यावरचा प्रतिबंध आहे. त्यासाठी मानेवर टाकायचे थेंब, गळ्यातला औषधी पट्टा आणि चघळायची गोळी असे तीन मार्ग आहेत. त्यांतला कोणता निवडायचा हे कुत्र्याच्या जातीपेक्षा घराच्या राहणीवर जास्त अवलंबून असते, असे माझे मत आहे.

आपल्याकडे कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळते ती तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. ती आयुष्यात तीन वेळा, म्हणजे अळी, किशोर आणि प्रौढ अशा प्रत्येक अवस्थेत एकदा, रक्त पिते आणि प्रत्येक वेळी अंगावरून गळून पडते. पोट भरलेली मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत हजारोंच्या संख्येने अंडी घालते. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला जितकी छिद्रे तितकी तिला घरे. पडवीतली दगडी बैठक, खळ्याकडेचा गडगा, कौलांखालची लाकडे, सगळीकडे ती उंच चढून लपते आणि रक्त न मिळता कित्येक महिने जगू शकते. म्हणून एकदा औषध लावून कुत्रा स्वच्छ दिसला तरी तीन आठवड्यांनी त्या पुन्हा दिसतात, आणि लोक म्हणतात, औषध चालले नाही. बहुतेकदा औषध चाललेले असते. आधीच घरात दडलेली पुढची पिढी तेवढी बाहेर आलेली असते.

निवड करताना आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. एर्लिकियाचे जंतू गोचीड चिकटल्यानंतर काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतात, तर बबेसिया या दुसऱ्या रक्तजंतूला साधारणपणे जास्त वेळ लागतो. त्यामुळे औषध गोचिडीला चावण्याआधी परतवते की चावल्यानंतर मारते, हा फरक महत्त्वाचा आहे.

थेंबांचे दोन प्रकार आहेत आणि ते एकसारखे समजणे ही फार महाग पडणारी चूक ठरते. फिप्रोनिलचे थेंब त्वचेच्या तैलग्रंथींत साठतात आणि साधारण महिनाभर गोचिडी व पिसवा मारतात. मांजरांसाठी याचीच वेगळी मात्रा मिळते. हे थेंब टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नये असे सांगितले जाते. मी स्वतः पहिल्या वर्षी कुत्र्याला साबणाने स्वच्छ धुऊन त्याच संध्याकाळी थेंब टाकले होते. त्वचेवर तेल नसताना ते पसरणार कसे, हे मला नंतर समजले. दुसऱ्या प्रकारात इमिडाक्लोप्रिडबरोबर पर्मेथ्रिन असते. पर्मेथ्रिन गोचिडीला चिकटण्याआधीच परतवून लावते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र हेच पर्मेथ्रिन मांजरासाठी विष आहे, कारण मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यू इथपर्यंत परिणाम जाऊ शकतो. कुत्र्याच्या कुशीत झोपणारे किंवा त्याला चाटणारे मांजर घरात असेल तर हे थेंब घरात आणूच नयेत, असे मी ठामपणे सांगेन.

पट्ट्यांमध्ये फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड असलेला पट्टा आठ महिन्यांपर्यंत काम करतो, गोचिडीला परतवतो, आणि त्याचा मांजरांसाठीचा प्रकारही आहे. बांधताना मानेत दोन बोटे जातील इतकी जागा ठेवावी आणि उरलेले टोक कापून टाकावे. बांधल्यावर पूर्ण परिणामाला सुमारे दोन दिवस लागतात. अंघोळ वारंवार असेल किंवा कुत्रा रोज किनाऱ्यावर लाटांत शिरत असेल, तर मुदत कमी होते. डेल्टामेथ्रिनचा पट्टा हा वेगळा आहे आणि तो मांजराला कधीही बांधू नये.

गोळीला पाणी, साबण, खारा वारा यांपैकी कशाचाच अडथळा होत नाही, कारण औषध रक्तातून काम करते. अफॉक्सोलानेरची गोळी महिन्याला एक, तर फ्लुरालानेरची बारा आठवड्यांना एक द्यावी लागते. ही दुसरी जेवणाबरोबर दिली पाहिजे. उणीव अशी की गोचिडीने चावल्यावरच ती मरते. पिल्लाचे किमान वय आणि वजन वेष्टनावर दिलेले असते, ते पाळावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये या गटातील औषधांमुळे काही जनावरांना थरथर, तोल जाणे किंवा फेफरे येऊ शकते अशी सूचना काढली होती. ती औषधे बाजारात कायम राहिली. कुत्र्याला पूर्वी कधी फेफरे आले असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे.

गोठ्यातले गुरांचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळणे, हा चौथा मार्ग आपल्या वाड्यांत सर्रास चालतो, आणि त्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझची गुरांसाठीची मात्रा अंदाजाने कुत्र्यावर वापरू नये, मांजरावर तर मुळीच नाही. स्वस्त पर्याय हवाच असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याचे वजन करून योग्य प्रमाण विचारून घ्यावे.

आता निवडीकडे. घरात मांजर असेल आणि कुत्रा समुद्रावर किंवा व्हाळात उतरत असेल, तर कुत्र्याला गोळी आणि मांजराला मांजरांचेच फिप्रोनिल थेंब, ही जोडी मला सर्वांत सुरक्षित वाटते. मांजर नाही, परंतु वाडीतल्या दोनतीन कुत्र्यांना टिक फिव्हर होऊन गेला आहे, अशा ठिकाणी चावण्याआधी परतवणारे पर्मेथ्रिनचे थेंब महिन्याच्या महिन्याला टाकणे अधिक शहाणपणाचे आहे. गावी वयस्कर आईवडील कुत्रा सांभाळतात आणि मुलगा मुंबईला आहे, असे घर असेल तर मी पट्टा सुचवीन. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतातच. भाद्रपद ते फाल्गुन हे सहा महिने आणि पुन्हा फाल्गुन ते भाद्रपद तेवढेच, आठ महिन्यांच्या मुदतीत दोन्ही सहज बसतात आणि पट्टा संपण्याआधीच बदलला जातो. आईला दर महिन्याची तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. मात्र पट्टा असताना वरून थेंब किंवा गोळी द्यायची असेल, तर डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

कोणताही मार्ग घेतला तरी घराकडे लक्ष द्यावेच लागते. कुत्र्याची बसायची जागा ठरवून तिथली गोणपाटे आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवावीत, चिऱ्यांच्या फटी सिमेंटने भरून घ्याव्यात, आणि उपाय निदान पाचसहा महिने खंड न पाडता चालू ठेवावा. फवारणी करायची झाल्यास जनावरे आणि कोंबड्या बाहेर काढून ती करावी.

दोडामार्ग परिसरातल्या वाचकांसाठी एक वेगळी नोंद. तेथे 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. तो पसरवणारी मुख्य गोचीड रानातली, वेगळ्या जातीची आहे, घरात अंडी घालणारी ही तपकिरी गोचीड नव्हे. तरीही काजूच्या बागेतून कुत्र्यासोबत परतल्यावर स्वतःचे पाय आणि कपडे पाहून घ्यावेत, कारण तो ताप माकडांप्रमाणे माणसांनाही होतो.

रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवावा. गोचीड सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये, नखाने चिरडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावी. पुढच्या दोनतीन आठवड्यांत कुत्र्याने जेवण टाकले, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी लालसर झाली, तर वाट न पाहता रक्ततपासणी करावी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनचा सुमारे चार आठवड्यांचा कोर्स असतो. आठ दिवसांत कुत्रा खेळू लागला म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत.