टेली-मानस १४४१६: बघ्यांसमोर मार खाल्ल्यानंतर कितपत उपयोगी?

मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. इथे आम्ही एवढंच तपासतोय: भररस्त्यात मारहाण झाली, भोवती माणसं होती आणि कोणीच मध्ये पडलं नाही, अशा माणसाला ती किती पुरते?

पहिल्या महिन्यात पुष्कळ. नंबर लावून भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मात्र ‘मला मारलं’ एवढ्यावर थांबलात तर बोलणं तक्रार आणि पोलिसांकडे वळू शकतं. म्हणून सुरुवातीलाच सांगा: ‘माणसं होती, कोणी आलं नाही, तेच डोक्यातून जात नाही.’ मग झोप किती तास लागते, तो रस्ता टाळता का, मागे पावलं वाजली की दचकता का, तेही सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर ते सगळ्यात आधी.

प्रसंगाचा बारीकसारीक तपशील पहिल्याच फोनवर सांगायलाच हवा असं नाही. ‘आज नको’ म्हणा. एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. झोपेसाठी घरात पडलेली अल्प्राझोलमची (चिंता कमी करणारी, गुंगी आणणारी) गोळी तर मुळीच घेऊ नका.

‘माझ्यातच काही खोट असेल, म्हणून कोणी आलं नाही’ हा विचार फार पोखरतो. तो समुपदेशकापुढे जरूर मांडा. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८च्या प्रयोगात, इंटरकॉमवर कुणाला फिट आल्याचं एकट्यानेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. गर्दी वाढली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी जाईल. मार खाणाऱ्याची लायकी त्यात कुठेच येत नाही.

सेवा कमी पडते ती महिन्यानंतर. तेव्हाही प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, घराबाहेर पडवत नसेल, तर एकाच थेरपिस्टकडे साधारण आठ ते पंधरा बैठका लागतात. दर वेळी फोनवर तीच व्यक्ती मिळेल असं धरून चालू नका. ‘माझ्या जिल्ह्यात ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआर कोण करतं?’ असं नेमकं विचारा (या दोन्ही अशा आघातानंतरच्या मानसोपचाराच्या पद्धती आहेत), नाव लिहून घ्या. तातडीच्या धोक्यात मात्र ११२च लावा. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आहे.

घरच्यांनीही १४४१६ लावावा. भीतीने अंग थिजतं, आवाज फुटत नाही, ते कुणाच्या हातात नसतं. ‘तू ओरडला का नाहीस?’ हा प्रश्न घरात विचारण्याआधी त्यांनी समुपदेशकाला विचारावा.