वही, कॅलेंडर की ठरलेली वेळ: तब्येतीच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

घरात कुणाला बीपी-शुगर असेल आणि नोंदी ठेवायचं मनात आलं, की पहिली अडचण हीच येते: वही ठेवायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायच्या, की नुसत्या वेळा पाळायच्या? नाशिकरोडच्या आमच्या घरी आईसाठी तिन्ही करून झालंय, म्हणून लिहिते.

कॅलेंडर सगळ्यांत सोपं. दुधाचा हिशोब मांडतो त्याच चौकोनात गोळी घेतली की टिक करायची. येता-जाता नजर पडते, रिकामा चौकोन लगेच खुपतो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर नुकतंच फिरायला लागलेल्या धडधाकट माणसाला एवढं पुरे. पण चौकोनात आकडा जेमतेम मावतो, त्याचं कारण मावत नाही.

त्यासाठी वही. आमची साधी शंभरपानी आहे, चार रकाने आखलेली: तारीख-वेळ, आकडा, काय खाल्लं, कसं वाटलं. शेवटच्या रकान्याचं मोल आम्हाला आईच्या चक्करीने कळलं. डॉक्टरांना आम्ही नुसतं ‘अधूनमधून गरगरतं’ एवढंच सांगायचो. एचबीए१सी ही साखरेची रक्ततपासणी चांगली आली होती, त्यामुळे साखरेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पण ती साधारण तीन महिन्यांची सरासरी. मधेच साखर उतरली तर त्यात दिसत नाही. वहीत मात्र आईच्या शब्दांत तीनदा लिहिलेलं होतं: ‘दुपारी चक्कर, घाम, हात थरथरले.’ तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. तिन्ही दिवस संकष्टीचे! सकाळी शुगरची गोळी घ्यायची आणि चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर राहायचं, असं चाललं होतं. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर फार खाली जाते. ७० च्या खाली गेली तर लगेच काहीतरी गोड द्यावं लागतं. डॉक्टरांनी वही पाहिली आणि उपवासाच्या दिवसाचं औषध वेगळं ठरवून दिलं. हे आपल्या मनाने कुणी करू नये.

वहीला चिकाटी लागते, हे खरं. आई पंधरा दिवसांत कंटाळली होती. मग ती सांगायची, मी लिहायचे. आकड्यांचा धसका घेऊन दिवसातून दहा वेळा बीपी बघत बसणारं कुणी घरात असेल, तर वही दुसऱ्याच्या हातात द्या.

ठरलेल्या वेळेने कागदावर काही उमटत नाही, पण तिच्यावाचून वहीतले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. जिना चढून आल्या आल्या घेतलेलं बीपी आणि निवांत बसून घेतलेलं बीपी शेजारी लिहून काय कळणार? आधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीवर, बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा एकदा घ्यायचं. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ करा. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात १४०/९० धरतात, घरी त्याहून थोडं कमी.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाचा हट्ट धरू नये. ‘सकाळी सात’ऐवजी ‘झोपून उठल्यावर’ असं ठरवावं. फास्टिंग शुगरला निदान ८ तास पोटात काही नको. मग ते सकाळी असो की दुपारी.

मोबाइलवरची ॲप तरुणांना सोयीची वाटतात. आमच्या आईला तिथे मागचं पान उलटता येईना, आम्ही सोडून दिलं.

औषधं चालू असतील तर मी वहीच घ्यायला सांगेन, आणि गोळ्यांपुरतं कॅलेंडर. डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर बीपीचं मशीनही पिशवीत टाका, तिथल्या मशीनशी एकदा ताडून घेता येतं.