ईएमडीआर थेरपी : अकरा सत्रं आणि नऊ महिन्यांनंतर

मोरीतून पाणी उलटं येतं तेव्हा एक आवाज होतो. गुडगुड, मग थोडी शांतता, मग परत गुडगुड. ऑगस्ट २०२४मध्ये, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या रात्री बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात तो आवाज सुरू झाला आणि पुढचे दहा महिने माझ्या कानातून गेलाच नाही. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. बडोद्यातल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

घरात आम्ही तिघंच होतो. बायको आणि मुलगी पुण्याला, माहेरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, ८१ वर्षांचे, अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. आईचे गुडघे निकामी. अण्णा म्हणाले, "आधी हिला ने." आईला पाठीवर घेऊन पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पोचवलं आणि खाली आलो, तोवर फ्रिज तरंगत येऊन अण्णांच्या खोलीच्या दाराला आडवा बसला होता. वीज नाही, पाणी मांडीच्या वर. वरची दोन मुलं येऊन दार सुटेपर्यंत वीस मिनिटं गेली. अण्णा पलंगावर बसून रामरक्षा म्हणत होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "आई पोचली का वर?"

मार्चमध्ये ते न्यूमोनियानं गेले. पुराशी त्याचा संबंध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. रात्री दोनला जाग यायची, हाताला दाराचा ओला गारवा जाणवायचा. ती खोली बंदच ठेवली होती. घर विकायचं ठरेना आणि दुरुस्त करायचंही ठरेना. आधी फॅमिली डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या घेतल्या. नंतर एका ठिकाणी समुपदेशनाला गेलो, तिथे दर वेळी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लावायचे आणि घरी येताना मी आणखी ओला होऊन यायचो. चार वेळा जाऊन सोडलं. जून २०२५च्या पहिल्या मोठ्या पावसात मी ऑफिसच्या जिन्यावर बसलो तो उठलोच नाही, तेव्हा एका सहकाऱ्यानं ईएमडीआर करणाऱ्या थेरपिस्ट बेनचा (गुजरातीत बाईंना बेन म्हणतात) नंबर दिला.

पूर्ण नाव आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. अमेरिकेत फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ साली याची सुरुवात केली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या त्रासासाठी ही पद्धत सुचवली. त्रासदायक आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटामागे नजर डावी-उजवीकडे फिरवायची, असं बाहेरून दिसतं. मला आधी हे संमोहन वाटलं होतं. तसं नाही, आपण पूर्ण जागे असतो आणि हात वर करून कधीही थांबवू शकतो. यात डोळ्यांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे, हेही बेननीच सांगितलं. एक समजूत अशी की चित्र धरणं आणि नजर फिरवणं ही दोन कामं एकदम करताना मेंदूची जागा अपुरी पडते आणि चित्राची धार कमी होते. २००१च्या भूजच्या भूकंपानंतर आपल्या गुजरातेत लोकांना ही थेरपी दिली गेली होती. हे ऐकल्यावर माझा अर्धा संशय गेला.

पहिली दोन सत्रं फक्त तयारीत गेली. हे ज्यांना घाई असते त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. मनात परत जाता येईल अशी एक सुरक्षित जागा निवडायची असते. मी कमाटीबाग म्हटलं, पण तिथे अण्णांबरोबर जायचो, म्हणून डोळे भरून आले. बेन म्हणाल्या, जिथे ते नाहीत अशी जागा शोधा. मग मांडवीची सेंट्रल लायब्ररी सापडली. काचेच्या फरशीतून खाली झिरपणारा उजेड, लोखंडी रॅक, जुन्या कागदाचा कोरडा वास. कोरडा, हे महत्त्वाचं होतं. आजही झोप उडाली की मी तिथे जातो.

तिसऱ्या सत्रात खरं काम सुरू झालं. सगळ्यांत वाईट चित्र कोणतं? ते दार. ते चित्र पाहताना स्वतःबद्दल कोणतं वाक्य येतं? आमची सत्रं गुजरातीत चालायची, मीही गुजरातीत काहीतरी गुळगुळीत बोललो. बेननी थांबवलं आणि घरी ज्या भाषेत बोलता त्या भाषेत म्हणायला सांगितलं. तोंडातून निघालं, "मी त्यांना टाकून गेलो." दहा महिन्यांत हे वाक्य मी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. त्रास शून्य ते दहापैकी किती? नऊ. त्याऐवजी काय खरं वाटायला हवं? "मला जमेल तेवढं मी केलं." ते एक ते सातपैकी किती खरं वाटतं? दोन. ज्यांची मातृभाषा वेगळी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. थेरपिस्टला मराठी आलं नाही तरी चालतं, पण वाक्य आपल्याच भाषेत निघायला हवं.

माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा, त्यामुळे नजर फिरवून डोकं दुखायला लागलं. मग दोन्ही हातांत आलटूनपालटून थरथरणारी छोटी यंत्रं धरली. त्यांनीही तितकंच काम झालं. अर्ध्या मिनिटाचा एक फेरा, मग "हवे शुं आवे छे?" म्हणजे आता काय येतंय? जे आलं ते दोन शब्दांत सांगायचं, अर्थ लावत बसायचं नाही, पुढचा फेरा.

तिसऱ्या सत्रानंतरचा आठवडा फार वाईट गेला. स्वप्नं इतकी स्पष्ट की बायको म्हणाली, बंद करा हे. असं होऊ शकतं हे बेननी आधी सांगितलं होतं म्हणून टिकलो. सत्रानंतर तासभर स्कूटर चालवू नका, सत्र शनिवारी घ्या, रविवार मोकळा ठेवा.

त्रासाचा आकडा नवावरून पाचावर आला आणि दोन सत्रं तिथेच अडला. तेव्हा बेननी विचारलं, असंच यापूर्वी कधी वाटलं होतं? आठवलं ते अगदी जुनं. दहा वर्षांचा असताना आजीसाठी डॉक्टरांना बोलवायला मला सायकलवर पाठवलं होतं आणि डॉक्टर येईपर्यंत आजी गेली होती. घरात कुणी मला बोल लावला नव्हता, तरी मी तो घेऊन बसलो होतो. दीड सत्र त्या सायकलवर गेलं. मग परत दारापाशी आलो, आणि आठव्या सत्रात अण्णांचं "आधी हिला ने" ऐकू आलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी ते शंभर वेळा सांगितलंही होतं. पण त्या दिवशी ते मला सांगितल्यासारखं पोचलं. त्यांनी ठरवलं होतं आणि मी त्यांचं ऐकलं होतं. मी खूप रडलो, आणि ते रडणं नुसतं अण्णांसाठी होतं.

शेवटच्या सत्रात आकडा एकावर थांबला. शून्याचा हट्ट बेननी धरला नाही, एवढं दुःख वडिलांसाठी राहायलाच हवं म्हणाल्या. आठवण पुसली गेलेली नाही. फ्रिज, दार, रामरक्षा, सगळं आहे. पण आता ते २०२४मध्ये आहे. झोप लागते. डिसेंबरात सुतार बोलावून दाराला रंधा मारून घेतला आणि त्या खोलीत आता मुलगी अभ्यास करते. जोराच्या पावसात नदीची पातळी मोबाइलवर दहादा बघतो, ते मात्र सुटलेलं नाही, आणि सुटावं असंही मला वाटत नाही.

पंचाहत्तर मिनिटांच्या सत्राचे २,००० रुपये, एकूण २२,०००. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं विमा द्यावा असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, पण माझी पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच लागू होते, त्यामुळे सगळा खर्च खिशातून केला. ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं.

माझी गाठ एका रात्रीची होती, म्हणून अकरा सत्रांत सुटली. ज्यांचं बालपणच मार खाण्यात किंवा भीतीत गेलं, त्यांना जास्त वेळ लागतो, त्यांनी माझ्या आकड्याशी तुलना करू नये. फिट येत असतील, भान हरपत असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. थेरपिस्टनं ईएमडीआरचं रीतसर प्रशिक्षण कुठे घेतलं हे बिनधास्त विचारा, चांगली माणसं रागावत नाहीत. आणि यूट्यूबवरच्या हलत्या चेंडूकडे बघत हे एकट्यानं घरी करू नका, कळकळीनं सांगतो. तिसऱ्या सत्रानंतर मी एकटा असतो तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

पावसाळ्याआधी जूनमध्ये एक सत्र ठरवून ठेवलं आहे. परवा आईनं विचारलं, "मराठीतलं वाक्य त्या बाईंना चालतं ना?" मी हो म्हटलं. तिच्यासाठीही एक वेळ घेतली आहे.