जुन्या लाइटवेट फाइट्स यूट्यूबवर: तीन महिने रोज बघून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू यूट्यूबचा आहे पण फक्त एका कामापुरता. शंभर-सव्वाशे वर्षांतले मोठे लाइटवेट बॉक्सर शेजारी शेजारी ठेवून बघायचे असतील तर ते तिथे जमतं का, एवढंच. जोडीला बॉक्सरेक, ती फाइटर्सच्या रेकॉर्डची साइट, कारण एकाशिवाय दुसरं अर्धवट आहे. गेले तीन महिने मी रोज रात्री जेवणं आटोपली की एक तरी फाइट बघतोय, हायलाइट्स नाही, पहिल्या बेलपासून शेवटपर्यंत. उत्तर आत्ताच देऊन टाकतो: जमतं, तेही फुकटात, फक्त बघायचं कसं ते कळलं पाहिजे नाहीतर भलतंच मत होऊन बसतं, माझं झालं होतं.

लाइटवेट म्हणजे १३५ पाउंड, आपल्या हिशोबात ६१ किलोच्या जरासं वर. माझ्या मते बॉक्सिंगमधलं सगळ्यात भारी वजन हेच, कारण इथली पोरं चपळ पण असतात आणि एका पंचमध्ये आडवं करण्याइतकी ताकद पण असते, हे दोन्ही एकत्र वरच्या-खालच्या वजनांत इतकं सापडत नाही.

सुरुवात झाली मावसभावाशी वाद घालण्यातून. तो युक्रेनच्या लाइटवेट बॉक्सर लोमाचेन्कोचा कट्टर फॅन. त्याचं म्हणणं असं की आजच्या फाइटर्सचं ट्रेनिंग, डाएट, फुटवर्क सगळं वेगळ्याच लेव्हलचं आहे, जुने लोक नुसते हात फिरवायचे, कुठलाही आजचा पोरगा त्यांना दोन राउंडमध्ये घरी पाठवेल. आणि पुरावा म्हणून त्याने मला जो गान्सची क्लिप दाखवली, १९०६ ची, नेवाडातल्या गोल्डफील्डची, बॅटलिंग नेल्सनबरोबरची. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं, दोन माणसं टुणटुण उड्या मारत एकमेकांना चापट्या मारतायत असं ते दिसत होतं.

मग कळलं की गडबड वेगाची आहे. त्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला फ्रेम कमी, आणि तीच फिल्म आजच्या वेगाने लावली की माणसं किडा चावल्यासारखी पळतात. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन प्लेबॅक स्पीड ०.७५ करा. बस्स, एवढंच करायचं आणि समोर दुसरीच फाइट उभी राहते. नेल्सन डोकं खुपसून आत घुसतोय, गान्स एक पाऊल सुद्धा वाया घालवत नाहीये, समोरच्याचा पंच तळव्यावर झेलतोय आणि त्याच हाताने आखूड पंच परत देतोय, हात मागे नेणं नाही, खांदा वर उचलणं नाही. भावाला फोन टेबलावर टेकवून शेजारी बसवलं आणि हे दाखवलं, तो पाच-सहा मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला "मागे घे, तो पंच परत दाखव." तिथून पुढे आमचा वाद बंद आणि बघणं सुरू.

आता ही फाइट नुसती बघून पण भागत नाही, आजूबाजूचं वाचावं लागतं. गान्स बाल्टिमोरचा, काळा माणूस, १९०२ मध्ये फ्रँक अर्नला पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट करून चॅम्पियन झालेला. गोल्डफील्डला चॅम्पियन तो, पण त्याला ११ हजार डॉलर आणि चॅलेंजर असलेल्या गोऱ्या नेल्सनला त्याच्या दुप्पट. वजन त्याच दिवशी, तेही १३३ पाउंड, अंगावरच्या कपड्यांसकट, आणि एकदा करून सोडलं नाही, परत परत काट्यावर उभं केलं. त्यानंतर वाळवंटातल्या उन्हात निकाली कुस्तीसारखी निकाली फाइट, राउंडला मर्यादाच नाही. बेचाळिसाव्या राउंडमध्ये नेल्सनने कमरेखाली मारलं आणि रेफरीने त्याला बाद केलं, म्हणजे ब्रेक धरून पावणेतीन तासांच्या वर ते दोघं उभे होते, आणि मध्येच गान्सचा हात मोडला होता. चार वर्षांनी, १९१० मध्ये, तो टीबीने गेला. आज वजन आदल्या दिवशी होतं, रात्रभरात पाणी आणि जेवण पोटात जातं, आणि फाइट बारा राउंडची. मी आजच्यांना कमी लेखत नाहीये, पण "कोण जिंकला असता" असं विचारताना कोणाच्या नियमांनी हे आधी ठरवा.

चॅम्पियनशिपच्या फाइट्स आधी पंधरा राउंडच्या असायच्या, त्यांचे बारा झाले ते पण लाइटवेटमुळेच. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा डुक कू किम चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांत गेला. चॅम्पियन ठरवणाऱ्या संघटनांपैकी डब्ल्यूबीसीने लगेच पुढच्या वर्षापासून बारा केले, बाकीच्यांनी नंतर. ती फाइट पण यूट्यूबवर आहे, मी लावली नाही, लावणार पण नाही.

बॉक्सरेकबद्दल. फुकट अकाउंट काढायचं आणि कुठल्याही फाइटरचं नाव टाकायचं, तारीख, गाव, प्रतिस्पर्धी, निकाल सगळं एका खाली एक. बेनी लिओनर्डचं पान उघडा, स्क्रोल करून बोट दुखेल, दोनशेच्या वर फाइट्स. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा ज्यू पोरगा, १९१७ मध्ये फ्रेडी वेल्शला थांबवून चॅम्पियन झाला आणि १९२५ मध्ये चॅम्पियन असतानाच रिटायर झाला. त्याच्या पानावर बऱ्याच ठिकाणी निकालाच्या जागी "न्यूजपेपर डिसिजन" दिसतं. त्याचं कारण असं की त्या काळी बऱ्याच राज्यांत कायद्याने रेफरीला विजेता जाहीर करायला बंदी होती, नॉकआउट नाही झाला तर निकालच नाही, मग दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वार्ताहर काय लिहितील तोच निकाल. हे माहीत नसताना नुसता जिंकले-हरलेचा आकडा बघून दोन काळांची तुलना करणं म्हणजे चुकीचंच. बॉक्सरेक त्या फाइट्स वेगळ्या दाखवतं, हे मला फार आवडलं. लिओनर्डचं शूटिंग मात्र तुकड्या-तुकड्यातच मिळतं, पोट भरत नाही, त्यामुळे त्याला माझ्या यादीत कुठे ठेवायचं हे मी डोळ्यांपेक्षा कागदावरूनच ठरवलंय आणि ते मला स्वतःला पटत नाही.

आणि आता दुरान. रोबेर्तो दुरान, पनामा सिटीतल्या एल चोरियो वस्तीतला. त्याच्याबद्दल सगळ्यांना दोनच गोष्टी माहीत असतात, एक म्हणजे त्याचं टोपणनाव "दगडी हात" आणि दुसरी म्हणजे १९८० मध्ये न्यू ऑर्लिन्सला शुगर रे लिओनर्डसमोर फाइट सोडून दिली ती. दोन्ही बाजूला ठेवा आणि एस्तेबान दे हेसूसबरोबरच्या त्याच्या तीन फाइट्स ओळीने लावा, एका आठवड्यात, मधे दुसरं काही न बघता. पहिली नोव्हेंबर १९७२, न्यूयॉर्क, दे हेसूस पहिल्याच राउंडमध्ये त्याला खाली बसवतो आणि फाइट जिंकतो. दुसरी १९७४, पनामा, परत पहिल्याच राउंडमध्ये दुरान खाली, पण अकराव्यात नॉकआउट करून जिंकतो. तिसरी जानेवारी १९७८, लास वेगास, आणि ही माझ्या मते लाइटवेटमधली सगळ्यात शिकण्यासारखी फाइट आहे. पाच वर्षांपूर्वी जो पोरगा नुसता अंगावर धावून जायचा तो इथे थांबतोय, डोकं पंचाच्या रेषेतून बोटभरच बाजूला काढतोय, जास्त नाही, आणि त्या बोटभर जागेतून पोटात मारतोय. हायलाइट्समध्ये ते बोटभर सरकणं कापलेलं असतं, फक्त बाराव्या राउंडमधलं पाडणं ठेवतात. म्हणूनच लोकांना वाटतं की दुरान म्हणजे नुसता मारका. त्याचा डिफेन्स बघा, खरंच, आवाज बंद करून फक्त त्याचं डोकं आणि खांदे बघा.

हे आलं कुठून? त्याच्या कॉर्नरला, म्हणजे राउंडच्या मधे सांभाळणाऱ्या ट्रेनर्समध्ये, फ्रेडी ब्राउनबरोबर रे आर्सेल हा म्हातारा वस्ताद होता, १८९९ चा जन्म, आणि हाच आर्सेल बेनी लिओनर्डने १९३० च्या दशकात परत फाइट्स घेतल्या तेव्हा त्याच्याही कॉर्नरला होता. म्हणजे ज्या दोन काळांची आपण तुलना करत बसलोय ते एका माणसाच्या आयुष्यात मावलेले आहेत. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि दे हेसूसचं पुढचं पण वाचा. खुनाच्या गुन्ह्यात तुरुंग, मग एड्स, १९८९ मध्ये गेला. लोक एड्सच्या पेशंटला हात लावायला घाबरायचे त्या काळात दुरान त्याला भेटायला गेला आणि त्याला मिठी मारली. तो फोटो शोधा. मग तिसरी फाइट परत लावा.

दुरानच्या बरोबरीला मी एकालाच ठेवतो, पर्नेल व्हिटेकर, नॉरफोक, व्हर्जिनियाचा डावखुरा, १९८४ चा ऑलिम्पिक गोल्ड. त्याला मारणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं. पाय समोरच्याच्या टप्प्यात, डोकं मात्र कुठेच नाही, कधी कधी गुडघ्यात इतका वाकतो की समोरच्याचा पंच त्याच्या टाळूवरून हवेत जातो, आणि या सगळ्यात नजर एकदाही हटत नाही. १९८८ मध्ये पॅरिसजवळ होसे लुईस रामिरेझबरोबरची फाइट जजेसनी त्याच्याकडून काढून घेतली, मी स्वतः कागद घेऊन दोनदा स्कोअर केली आणि दोन्ही वेळा तो आरामात पुढे होता. पुढच्या वर्षी त्याने आपल्याच गावात रामिरेझला बारा राउंड नाचवलं. भावाला ही फाइट लावून दिली तेव्हा तो म्हणाला लोमाचेन्को इथूनच शिकलाय की काय. ते काही मला माहीत नाही, पण लोमाचेन्को २०२० मध्ये तेओफिमो लोपेझसमोर पहिले सहा-सात राउंड नुसतं बघतच राहिला ते व्हिटेकरने कधीच केलं नसतं, तो डिफेन्स करता करता जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, चालूच ठेवायचा.

माझा नंबर: दुरान, व्हिटेकर, मग गान्स. बेनी लिओनर्ड चौथा, पण वर सांगितलं तसं पेन्सिलने लिहिलेला. मेक्सिकोचा चावेझ लाइटवेटला फार काळ राहिलाच नाही, नाहीतर १९८७ मध्ये एडविन रोसारिओला त्याने जे सोलून काढलं ते बघितल्यावर त्याला वर घ्यावंसं वाटतं.

स्टार पाचपैकी चार. एक कापला तो अपलोड करणाऱ्या काही लोकांमुळे. मूळ कॉमेंटरी काढून वर धडाम-धुडुम म्युझिक घालतात, राउंडच्या राउंड गाळून "फुल फाइट" लिहितात, काळ्यापांढऱ्या फिल्मला रंग देताना चेहऱ्यांचं मेण करून टाकतात. बघायच्या आधी व्हिडिओची लांबी बॉक्सरेकवरच्या राउंडशी ताडून बघा, बारा राउंडची फाइट पाऊण तासापेक्षा कमी असेल तर काहीतरी कापलंय.

नवीन माणसाने मात्र गान्सपासून सुरू करू नका, ७ मे २००५ ची कोरालेस विरुद्ध कास्तियो लावा, दहावा राउंड येईपर्यंत उठू नका. कोरालेस त्या राउंडमध्ये दोनदा खाली जातो आणि तोच राउंड जिंकून फाइट संपवतो. बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला तो मोटरसायकलच्या अपघातात गेला.

आज रात्री आमचं आइक विल्यम्स विरुद्ध बो जॅक ठरलंय, १९४८, फिलाडेल्फिया. ऐकलंय की शेवटी विल्यम्स मारता मारता थांबून रेफरीकडे बघतो, आता थांबव म्हणून. भाऊ साडेनऊला येतोय.